विश्लेषण : व्हिसा सोपा झाला, पण व्हिएतनामला पहिल्यांदा निघताना काय जाणून घ्यावे?

पहिली परदेशवारी म्हटली की मराठी कुटुंबांच्या यादीत आजवर दुबई, थायलंड, सिंगापूर अशी ठरलेली नावे असत. आता त्यात व्हिएतनामची भर पडली आहे. मुंबई-पुण्यापुरती ही लाट राहिलेली नाही. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावांतूनही कोणी मुलांसोबत, कोणी महिला मंडळाच्या ग्रुपमधून, तर कोणी बियाणे, खते, सिमेंटच्या कंपन्या विक्रेत्यांना देतात त्या सहलीतून परदेशी जातो. अनेकांचा तो पहिलाच पासपोर्ट आणि पहिलाच विमानप्रवास असतो. तिकीट आणि हॉटेलची माहिती एजंट देतो. पण तिथे जेवणाचे काय, माणसांशी बोलायचे कसे, कुठे काय टाळायचे, हे फारसे कोणी सांगत नाही. फसगत आणि हिरमोड नेमका तिथेच होतो.

भारतीयांचा ओघ एवढा का वाढला?

२०१९ मध्ये सुमारे १ लाख ६९ हजार भारतीय व्हिएतनामला गेले होते. २०२४ मध्ये हा आकडा ५ लाखांच्या पुढे गेला. म्हणजे करोनाचा खंड पडूनही पाच वर्षांत जवळपास तिप्पट. त्याच वर्षी जगभरातून तिथे गेलेल्या पर्यटकांची संख्या १ कोटी ७५ लाखांहून अधिक होती. त्यात भारतीयांचा वाटा अजून लहान असला, तरी वाढीचा वेग मोठा आहे.

कारणे तीन. पहिले, २०२२ पासून मुंबईहून हनोई आणि हो चि मिन्ह सिटीला थेट विमाने मिळू लागली. दुसरे, १५ ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनामने ई-व्हिसाची मुदत ३० वरून ९० दिवसांवर नेली आणि तो सर्व देशांच्या नागरिकांना खुला केला. तिसरे, तिथला राहण्या-फिरण्याचा खर्च युरोप, जपान किंवा सिंगापूरपेक्षा बराच कमी आहे.

झरीहून हनोईला जायचे कसे?

मराठवाड्यातून व्हिएतनामला थेट विमान नाही. परभणी जंक्शनवरून देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसने मुंबई गाठणे हा सर्वांच्या सवयीचा मार्ग. दुसरा पर्याय हैदराबादचा. २०२५ मध्ये हैदराबादहूनही व्हिएतनामसाठी थेट सेवा सुरू झाली आणि परभणीकरांना सिकंदराबादची गाडी काही नवी नाही. विमानांचे वेळापत्रक हंगामानुसार बदलते, म्हणून दोन्ही मार्गांचा एकूण खर्च आणि वेळ ताडून पाहावा. मुंबईहून हवेतला प्रवास साधारण पाच तासांचा. व्हिएतनामचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे.

रेल्वे उशिरा पोहोचली म्हणून विमान थांबत नाही. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर पोहोचायचे असते. त्यामुळे त्याच दिवशी सकाळी पोहोचणाऱ्या गाडीच्या भरवशावर दुपारचे विमान धरू नये. एक मुक्काम जास्त पडला तरी तो स्वस्त पडतो.

व्हिसाच्या अर्जात गाडी कुठे अडते?

एकदाच प्रवेश देणाऱ्या ई-व्हिसाचे सरकारी शुल्क २५ अमेरिकी डॉलर, तर अनेकदा प्रवेशासाठी ५० डॉलर आहे. अर्ज व्हिएतनाम सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. त्यासारख्याच दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर याच कामाचे कितीतरी जास्त पैसे घेतले जातात. व्हिसा काही कामकाजाच्या दिवसांत मिळतो, पण सुट्ट्यांच्या काळात उशीर होतो. दोन-तीन आठवडे हाताशी ठेवून अर्ज करणे बरे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी.

खरी अडचण नावाची. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. ई-व्हिसा आणि विमान तिकीट या दोन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. लग्नानंतर आधारवर नाव बदलले, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा, अशी स्थिती अनेक महिलांची असते. अशा वेळी पासपोर्टवर जे आहे तेच लिहायचे. जन्मतारखेचा किंवा पासपोर्ट क्रमांकाचा एक आकडा चुकला, तरी विमानतळावरून परत फिरावे लागू शकते. एजंटने अर्ज भरला असेल तर हाती आलेला व्हिसा स्वतः एकदा वाचून पाहावा.

दिवाळीच्या सुट्टीत जावे का?

व्हिएतनाम उत्तर-दक्षिण असा चिंचोळा पसरलेला देश आहे. हनोई उत्तरेत, ह्वे, दा नांग आणि होई आन मध्यभागी, तर हो चि मिन्ह सिटी म्हणजे जुने सायगॉन दक्षिणेत. या दोन टोकांमधला रेल्वेमार्गच १,७२६ किलोमीटरचा आहे. त्यामुळे ‘व्हिएतनामचे हवामान’ असे एकच काही नसते.

आपली दिवाळी येते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि मध्य व्हिएतनामात मुसळधार पाऊस व वादळांचे महिनेही तेच. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ह्वे आणि होई आनमध्ये महापूर आला. एरवी कंदिलांनी उजळणाऱ्या होई आनच्या गल्ल्यांतून नावा चालवाव्या लागल्या. दिवाळीतच जायचे असेल तर मधला भाग वगळून उत्तर किंवा दक्षिण निवडणे शहाणपणाचे. तिन्ही भाग एकाच फेरीत पाहायचे असतील तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिल हा काळ सोयीचा. डिसेंबर-जानेवारीत हनोईत स्वेटर लागतो, तेव्हा सायगॉनमध्ये घाम येतो.

आणखी एक तारीख पाहावी लागते, ती ‘तेत’ची. तेत म्हणजे चांद्र पंचांगाचे नवे वर्ष. ते जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही येते. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. सगळा देश तेव्हा गावी जातो, गाड्या भरतात, अनेक दुकाने आणि खानावळी काही दिवस बंद राहतात. मोठी माणसे लहानांना लाल पाकिटात पैसे देतात. तिथल्या बारा वर्षांच्या चक्रात प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो. चिनी चक्रात जिथे बैल आहे, तिथे व्हिएतनामींनी म्हैस ठेवली आहे. भातखाचरांच्या देशाने केलेला हा बदल मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

खिशात किती लाख ठेवायचे?

चलनाचे नाव डाँग. एका रुपयाला साधारण पावणेतीनशे ते तीनशे डाँग मिळतात. म्हणजे एक लाख डाँग म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आसपास. शून्यांनी गोंधळ होतोच. त्यात २० हजारांची आणि ५ लाखांची अशा दोन्ही नोटा निळसर आहेत. घाईत किंवा अंधारात एकीऐवजी दुसरी दिली, तर सत्तर रुपयांच्या जागी सतराशे जातात. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवणे हा साधा उपाय.

डाँग भारतात सहज मिळत नाहीत. बरेच जण डॉलर नेऊन तिथे बदलतात किंवा फॉरेक्स कार्ड वापरतात. पाच हजार डॉलरपेक्षा जास्त रोकड असेल तर सीमाशुल्क विभागाकडे ती जाहीर करावी लागते. टॅक्सीसाठी ‘ग्रॅब’ हे ॲप सर्वत्र चालते. भाडे आधीच दिसत असल्याने घासाघीस उरत नाही. परदेशी सहलीच्या पॅकेजवर इथे टीसीएस आकारला जातो. तो प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवून वळता करता येतो, म्हणून पावती जपून ठेवावी.

पहिल्याच भेटीत वय का विचारतात?

व्हिएतनामी माणूस ओळख होताच वय विचारतो. त्यात भोचकपणा नसतो, व्याकरणाची गरज असते. त्या भाषेत ‘मी’ आणि ‘तू’ यांची जागा बहुतेक वेळा नात्याचे शब्द घेतात. वयाने थोडा मोठा पुरुष ‘आन्ह’ म्हणजे दादा, मोठी स्त्री ‘ची’ म्हणजे ताई, लहान तो ‘एम’. आजोबांच्या वयाचे ‘ओंग’, आजीच्या वयाच्या ‘बा’. वडिलांचा धाकटा भाऊ ‘चू’ आणि आईचा भाऊ ‘काउ’. आपल्या काका-मामासारखाच हा भेद. समोरचा मोठा की लहान हे कळल्याशिवाय वाक्यच सुरू करता येत नाही.

रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही रीत इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा लवकर उमगते. ‘सिन चाओ’ म्हणजे नमस्कार, ‘काम अन’ म्हणजे धन्यवाद. एवढे दोन शब्दही चेहरे खुलवतात. लिपी रोमन असली तरी उच्चार इंग्रजीसारखे नाहीत. एकच अक्षर सुरानुसार वेगळा अर्थ देते आणि उत्तरेकडच्या बोलीत असे सहा सूर आहेत. पत्ता किंवा पदार्थाचे नाव बोलण्यापेक्षा मोबाइलवर लिहून दाखवणे सोपे. मात्र पत्त्यांतही एक बदल आहे. १ जुलै २०२५ पासून देशातील ६३ प्रांत आणि शहरांचे विलीनीकरण होऊन ३४ झाले. होई आन आता दा नांग शहरात मोडते. जुन्या आणि नव्या पत्त्यांचा घोळ झाला तर घाबरण्याचे कारण नाही.

माळकऱ्याने जेवायचे काय?

मराठवाड्यातून जाणाऱ्यांचा हा पहिला प्रश्न. उत्तर चार रोमन अक्षरांत आहे : सी, एच, ए, वाय. उच्चार ‘चाय’, पण अर्थ चहा नव्हे, तर शाकाहार. ‘क्वान चाय’ अशी पाटी दिसली की ती शाकाहारी खानावळ. बौद्ध परंपरेतून आलेल्या या जेवणात मांस, मासे नसतात. मूळ रीतीत कांदा-लसूणही वर्ज्य, पण ते प्रत्येक खानावळ पाळतेच असे नाही, म्हणून विचारावे लागते. ‘तोय आन चाय’ म्हणजे ‘मी शाकाहारी जेवतो’. हे वाक्य व्हिएतनामीत लिहून फोनमध्ये ठेवावे.

अनेक व्हिएतनामी लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, शाकाहार पाळतात. एकादशी धरणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल. त्या दिवशी अशा खानावळींत जास्त पदार्थ असतात आणि गर्दीही.

धोका नेहमीच्या हॉटेलात असतो. नुसत्या ‘भाजी’च्या ताटलीतही ‘नुऑक माम’ हा माशाचा रस असू शकतो. ‘फो’ या प्रसिद्ध शेवयांच्या सूपमध्ये भाज्या दिसल्या, तरी पाणी हाडांचे असते. वाढप्याला फसवायचे नसते. त्याच्या लेखी मांसाचा तुकडा नाही म्हणजे पदार्थ शाकाहारीच. मोठ्या शहरांत भारतीय हॉटेले आहेत, पण रोज तिथेच जेवले तर खर्च वाढतो. फळे, भात, टोफू आणि फ्रेंचांच्या काळात आलेला ‘बान्ह मी’ हा पाव शाकाहारी भरणासह मिळतो. कॉफी मात्र चुकवू नये. ब्राझीलनंतर जगात सर्वाधिक कॉफी पिकवणारा हा देश आहे आणि घट्ट गोड दुधावर ठिबकणारी काळी कॉफी ही तिथली रोजची गोष्ट.

कोणत्या चुका लोकांना खुपतात?

जवळपास प्रत्येक घरात, दुकानात पूर्वजांचा देव्हारा असतो. त्यावर फोटो, फळे, उदबत्त्या असतात. पितृपक्षात आपण जे पंधरा दिवस करतो, ते तिथे वर्षभर चालते. भातात काड्या उभ्या खोचून ठेवू नयेत, कारण ते मृताला वाहिलेल्या उदबत्त्यांसारखे दिसते आणि अशुभ मानले जाते. घरात शिरताना चपला बाहेर. वडीलधाऱ्यांना वस्तू देताना दोन्ही हात. पॅगोडात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. उत्तरेच्या डोंगरांतल्या जमातींच्या लोकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. व्हिएतनाममध्ये ५४ मान्य वांशिक समूह आहेत आणि त्यांचा पोशाख हा देखाव्याचा भाग नाही.

हनोईतील हो चि मिन्ह यांच्या समाधीस्थळी आखूड कपडे, टोपी, बोलणे, फोटो हे सगळे वर्ज्य आहे. ते सकाळीच खुले असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते आणि दरवर्षी काही आठवडे देखभालीसाठी पूर्ण बंद ठेवतात. सायगॉनजवळची कू ची भुयारे आणि तिथले युद्धस्मृती संग्रहालय ही तर सहलीची मजा करण्याची ठिकाणे नव्हेतच. अमेरिकेने फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषाचे परिणाम भोगणारी कुटुंबे आजही तिथे आहेत.

शिवाजी महाराजांचा तो संदेश खरा आहे का?

व्हिएतनामचे नाव निघाले की मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. अमेरिकेला हरवल्यावर तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी विजयाचे श्रेय शिवाजी महाराजांना दिले आणि त्यांच्या समाधीवर ‘शिवाजी महाराजांचा एक मावळा’ असे लिहिले आहे, असा त्याचा आशय. या मजकुरात भाषणाची तारीख, पुस्तकाचे नाव, पान यांपैकी काहीच नसते. हो चि मिन्ह यांचे निधन २ सप्टेंबर १९६९ रोजी झाले आणि युद्ध संपले ३० एप्रिल १९७५ ला. विजयानंतर मुलाखत देणे त्यांना शक्यच नव्हते. त्यांच्या समाधीच्या दर्शनी भागावर ‘अध्यक्ष हो चि मिन्ह’ एवढेच शब्द आहेत. हा संदेश मनात धरून जाणाऱ्याला तिथे तो कोरलेला सापडणार नाही.

सापडते ते वेगळेच. पंधराव्या शतकात ले लोई या नेत्याने थान्ह होआच्या डोंगरांतून चीनच्या मिंग सत्तेविरुद्ध सुमारे दहा वर्षे गनिमी लढा दिला आणि नवे राज्य उभे केले. त्याला ती तलवार जलदेवतेने दिली होती आणि विजयानंतर एका कासवाने सरोवरातून वर येऊन ती परत मागितली, अशी दंतकथा आहे. हनोईच्या मध्यावरचे होआन किएम सरोवर म्हणजे ‘परत केलेल्या तलवारीचे सरोवर’. भवानी तलवारीची कथा ऐकत वाढलेल्याला या काठावर उभे राहून खूप काही समजू शकते. त्यासाठी त्यांच्या इतिहासावर आपले नाव कोरण्याची गरज पडत नाही.

मग भारताशी खरे नाते कोणते?

ते दगड-विटांत आहे. होई आनपासून सुमारे ४० किलोमीटरवर मी सन येथे चंपा राज्याची शिवमंदिरे आहेत. चौथ्या ते तेराव्या शतकादरम्यान ती उभी राहिली आणि १९९९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत त्यातली अनेक उद्ध्वस्त झाली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१७ ते २०२२ या काळात काही मंदिरांचे जतन केले. त्या कामातच मे २०२० मध्ये नवव्या शतकातील वालुकाश्माचे अखंड शिवलिंग सापडले. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची किंवा औंढ्याची काळ्या दगडातली मंदिरे पाहिलेल्याला मी सनच्या लाल विटांची घट्ट बांधणी पाहून फरकही कळेल आणि नातेही. चाम लोकांपैकी काही आजही हिंदू परंपरा पाळतात, पण ती त्यांच्या पद्धतीची.

दुसरे नाते बुद्धाचे. मे २०२५ मध्ये भारतातून बुद्धांचे पवित्र अवशेष व्हिएतनामला दर्शनासाठी नेण्यात आले, तेव्हा लाखोंच्या रांगा लागल्या. परभणी जिल्ह्यातून जाणाऱ्या बौद्ध कुटुंबांना तिथला महायान पंथ, त्यातले बोधिसत्त्वांचे पूजन वेगळे वाटेल. तिसरे नाते राजकीय. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर नेमलेल्या देखरेख आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते आणि १९५८ मध्ये हो चि मिन्ह भारतात आले होते.

सावध कुठे राहावे?

वाहतूक उजव्या बाजूने चालते आणि दुचाकींचा लोंढा थांबत नाही. रस्ता ओलांडताना धावू नये, मध्येच मागे फिरू नये. एका संथ गतीने चालत राहिले की दुचाकी वळसा घेतात. भाड्याची दुचाकी दिसायला सोपी, पण भारतीय परवाना तिथे आपोआप चालत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. दारू पिऊन वाहन चालवण्याला शून्य सवलत आहे. हा लाँग उपसागरात १९ जुलै २०२५ रोजी वादळात पर्यटकांची बोट उलटून तीसहून अधिक जणांचा जीव गेला. हवामानाचा इशारा असेल तर पैसे बुडाले तरी बोटीत बसू नये. पोलिसांसाठी ११३, तर रुग्णवाहिकेसाठी ११५ क्रमांक आहे. भारताचा दूतावास हनोईत आणि वाणिज्य दूतावास हो चि मिन्ह सिटीत आहे.

सर्वात मोठा इशारा तरुणांसाठी. कंबोडिया, लाओस, म्यानमारमध्ये ‘डेटा एण्ट्री’च्या नोकरीचे आमिष दाखवून सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याचे प्रकार उघड झाले आहेत आणि भारत सरकारने त्याबाबत वारंवार सावध केले आहे. व्हिएतनाम हा कंबोडिया आणि लाओसचा शेजारी. पर्यटक व्हिसावर तिथे नोकरी करता येत नाही. ‘आधी टूरिस्ट म्हणून या, मग काम लावून देतो’ असे कोणी म्हणत असेल, तर पासपोर्ट त्याच्या हाती देण्याआधीच नाही म्हणावे.

पुढे काय?

विमाने वाढतील तसे दरही उतरतील आणि मराठवाड्यातून जाणाऱ्यांची संख्या वाढेल. व्हिएतनामच्या हॉटेलांतही भारतीय जेवणाची सोय वाढते आहे. त्याची दुसरी बाजू अशी की सात दिवस भारतीय बसमध्ये, भारतीय जेवण जेवून, भारतीय ग्रुपसोबत परत येणे आता सहज शक्य आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने निदान एक दिवस मोकळा ठेवावा. सकाळी सरोवराकाठी व्यायाम करणाऱ्या आजीबाईंना ‘बा’ म्हणून हाक द्यावी, ‘चाय’ची पाटी शोधून एक वेळ तिथे जेवावे. पॅकेजच्या किमतीत हे धरलेले नसते आणि त्याला वेगळे पैसेही पडत नाहीत.